रिकाम्या चौकटी : बेळगावच्या एका मराठी पोर्टलचं प्रकरण

सोमवार, 8 सप्टेंबर 2025. बेळगावची विसर्जन मिरवणूक आदल्या दिवशी उजाडलं तरी चालूच होती, त्यामुळे गल्ली अजून पुरती जागी झाली नव्हती. सकाळी साडेआठला वहिनींचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही न विचारता त्या थेट म्हणाल्या, "अगं, आमचे पैसे कुठं जालेत?"

वहिनी आणि दादा टिळकवाडीत घराच्या पुढच्या खोलीतून मराठी बातम्यांचं पोर्टल चालवतात. दादांनी वीस वर्षं वर्तमानपत्रात बातमीदारी केली. पोर्टल काढलं तेव्हा हिशेब, बिलं, जाहिराती हे सगळं वहिनींनी अंगावर घेतलं. खानापूर आणि निपाणीहून एकेक मुलगा बातम्या पाठवतो, त्यांना महिन्याच्या महिन्याला मानधन जातं. उत्पन्नाचा मोठा भाग पानावरच्या जाहिरातींच्या चौकटींतून येतो. त्या चौकटी भरायचं काम मी जिथं नोकरी करते ती पुण्याची ॲडटेक, म्हणजे जाहिरात-तंत्राची कंपनी करते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून यातल्या निम्म्याहून अधिक चौकटी रिकाम्या राहायला लागल्या होत्या.

या धंद्यातली नोकरी कशी असते असं मला कुणी विचारलं, की मला या प्रकरणाचे पाच महिने आठवतात. म्हणून ते पूर्ण लिहून काढते आहे.

माझं काम

मी यील्ड ऑपरेशन्समध्ये आहे. वाचकाने मोबाइलवर बातमी उघडली की पान पुरतं दिसायच्या आत त्यातल्या चौकटीचा लिलाव होतो. पान कोणतं, भाषा कोणती, फोन कोणता, राज्य आणि शहर कोणतं, एवढी माहिती घेऊन एक मागणी बाजारात जाते. तिथले खरेदीदार, म्हणजे त्यांची यंत्रं, बोली लावतात किंवा गप्प बसतात. सगळ्यांत वरची बोली जिंकते आणि तिची जाहिरात चौकटीत बसते. हे सगळं साधारण 100 मिलिसेकंदांत आटोपतं. भाव हजार वेळा दिसण्यामागे ठरतो. पोर्टलवाल्यांच्या चौकटींना चांगली बोली यावी, किमान भाव योग्य असावा, कुठे गळती होत असेल तर ती सापडावी, हे पाहायला माझ्यासारखी माणसं लागतात.

2020 च्या टाळेबंदीत मी पुण्याहून बेळगावच्या वडगावला घरी आले. पुढे कंपनीने घरूनच काम करायला परवानगी दिली. घराच्या मागच्या खोलीत बाबांचे दोन यंत्रमाग आहेत. मीटिंगमध्ये पलीकडच्या माणसाला त्यांची खटखट ऐकू जाते. कुणी विचारलं तर मी सांगते की साडी विणणं चालू आहे. बाहेरच्या देशातले खरेदीदार रात्री जागे असतात, त्यामुळे कित्येक दिवस माझं आणि बाबांचं काम रात्री अकरालाच एकदम थांबतं.

दादा-वहिनींचं पोर्टल कंपनीच्या वहीत फार छोटं. एखाद्या मोठ्या हिंदी संकेतस्थळाची एका दिवसाची कमाई त्यांच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त भरते. ते माझ्याकडे आलं ते मी बेळगावची म्हणून.

मी दिलेलं पहिलं उत्तर

22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्यांच्या जाहिरातींवरही. मोठमोठ्या ॲप्सनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ बंद केले. आमच्या डॅशबोर्डवर ते लगेच दिसलं. हे जाहिरातदार पैसा सढळ हाताने ओतायचे. ॲप उतरवून घेणारा माणूस मिळाला की झालं, मग तो कुठल्या गावचा आणि कुठली भाषा वाचतो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं. क्रिकेटच्या मोसमात तर प्रादेशिक भाषांतल्या पानांवर त्यांचंच राज्य असायचं.

त्यामुळे वहिनींना मी सांगितलं, "वहिनी, कायदा आलाय. सगळ्यांचंच कमी झालंय. दसऱ्यापर्यंत सुधारेल." कंपनीत सगळे हेच बोलत होते आणि माझाही त्यावर विश्वास होता. त्या आठवड्यात मी नीट तपासलं असतं तर दसऱ्याआधीचे दोन आठवडे वाया गेले नसते. पण चहूकडे पडझड चालू असताना एका छोट्या पोर्टलची पडझड वेगळ्या कारणाची असेल, असं मनातही आलं नाही.

22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. टीव्ही, छोट्या गाड्या, दुचाकी स्वस्त झाल्या आणि घटस्थापनेपासून जाहिरातदार पुन्हा बाजारात उतरले. दोन-तीन दिवसांत आमच्या बहुतेक मराठी पोर्टलचे आलेख वर चढायला लागले. कोल्हापूरचं एक पोर्टल आमच्याकडे आहे. वाचकसंख्या दादांच्या पोर्टलएवढीच, बातम्याही तशाच, ऊस, रस्ते, नगरपालिका, कुस्ती. 24 तारखेच्या संध्याकाळी मी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. कोल्हापूरचा उभा चढला होता, बेळगावचा जमिनीवर आडवा. दोन्ही गावांत रस्त्याने सुमारे 110 किलोमीटरचं अंतर. कायदा दोघांना सारखा, सण दोघांचा एकच. मग कारण कायदा नव्हतं.

शोध

सुरुवात नेहमीच्या तपासण्यांपासून केली. पोर्टलच्या वतीने जागा विकायचा अधिकार कुणाला आहे हे सांगणारी ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असते. 2017 पासून ती बाजारात रूढ आहे आणि तीत एक ओळ चुकली तरी खरेदीदार पाठ फिरवतात. फाइल ठीक होती. खोट्या वाचकांचा, म्हणजे बॉटचा संशय नव्हता. पान उघडायला वेळ लागत नव्हता. चौकट निम्मी तरी सेकंदभर पडद्यावर दिसली पाहिजे हा निकषही पोर्टल आरामात पार करत होतं.

मग मी मागण्यांच्या नोंदी एकेक करून वाचायला घेतल्या. आमच्या धंद्यात हे कुणी सहसा करत नाही, कारण नोंदी कोटींनी असतात आणि त्यांची बेरीजच पाहिली जाते. मी दादांच्या पोर्टलच्या शंभरेक नोंदी उघडल्या आणि एक गोष्ट लगेच दिसली. पानाची भाषा मराठी, राज्य कर्नाटक. बऱ्याच मोठ्या जाहिरातदारांनी मराठी जाहिरात महाराष्ट्रापुरती लावली होती. कर्नाटकासाठी त्यांची कन्नड जाहिरात तयार होती, पण ती कन्नड पानांवरच दाखवायची अशी अट होती. मराठी पान वाचणारा कर्नाटकातला माणूस या दोन्ही चाळण्यांतून खाली पडत होता. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळी माणसं. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे 20 लाखांच्या आसपास आहेत, आणि लिलावात ते सणाच्या दिवशीही कुणाच्या यादीत नव्हते. त्यातच काही याद्यांत शहराचं नाव बेळगाव होतं, काहींत 2014 नंतरचं बेळगावी, आणि मोबाइलच्या जाळ्यामुळे टिळकवाडीतला फोन कधी हुबळीचा तर कधी बंगळूरचा म्हणून नोंदला जात होता.

हे वाचताना मी हलले. रोज सकाळी मीच ही यंत्रणा चालू करते आणि तिच्या खिजगणतीत माझ्या घरातली माणसं नाहीत.

पण याने प्रश्न अर्धाच सुटत होता. ही चाळणी वर्षानुवर्षं आहे. ती असतानाही आधी बरी कमाई होत होती. कारण देशभर चालणाऱ्या जाहिरातींना राज्याची अट नसते, साबण, मोबाइल, बँका. त्यांच्या बोल्याही आता येत नव्हत्या. खरेदीदाराचं यंत्र बोली लावत नाही तेव्हा ते का लावत नाही हे बहुतेक वेळा सांगत नाही.

25 तारखेच्या रात्री आई दोनदा दारात येऊन गेली. "काय बघालीस एवढं? जेवून घे की." मी पानांचे प्रकार लावून पाहत होते. गुन्हे, राजकारण, शेती, पाककृती, राशिभविष्य, नोकरीच्या जाहिराती, फोटो. पाककृतीच्या पानालाही बोली नाही. तिळाच्या चटणीत कुणाला काय धोका वाटावा? आणि मग फोटो गॅलरीची ओळ आली. तिथे चौकटी भरलेल्या होत्या. दुर्गामाता दौडीच्या फोटोंखाली एका राष्ट्रीय बँकेची जाहिरात आली होती, भावही चांगला होता.

तेच पोर्टल, तेच गाव, तोच वाचक. मग फोटोंच्या पानात असं वेगळं काय होतं? मी दोन पानं फोनवर उघडून शेजारी धरली. फोटो गॅलरी पूर्ण पडद्यावर उघडते, तिच्यावर वरचा मेनू नसतो. बाकी प्रत्येक पानावर मेनू असतो. बेळगाव, सीमाभाग, खानापूर, निपाणी, क्रीडा, रेसिपी.

दुसऱ्या दिवशी मी गुरुग्रामच्या एका जाहिरात एजन्सीतल्या ओळखीच्या मुलाला फोन केला आणि त्यांची शब्दांची यादी मागितली. जाहिरातदारांना आपलं नाव दंगल, अपघात, बॉम्बस्फोट यांच्या शेजारी नको असतं, म्हणून अशा शब्दांची यादी खरेदीदाराच्या यंत्राला दिली जाते. शब्द पानावर सापडला की बोली नाही. त्याने एक्सेल पाठवली. 1,100 हून अधिक ओळी, इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, सगळं एकात एक मिसळलेलं. मी शोधाच्या रकान्यात देवनागरीत "सीमा" लिहिलं.

ओळ सापडली. शेजारी तारीख होती 8 मे 2025.

त्या दिवसांत काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. 7 मेला ऑपरेशन सिंदूर झालं, 9 तारखेला आयपीएल थांबवली गेली. सरहद्दीवरच्या बातम्यांशेजारी जाहिरात नको म्हणून एजन्सीने घाईघाईने युद्धाचे शब्द यादीत भरले. बॉम्ब, क्षेपणास्त्र, ड्रोन, गोळीबार, सीमा. ज्याने भरले त्याची मी चूक म्हणणार नाही. त्या रात्री मीही त्याच्या जागी हेच केलं असतं. पण यादी अख्खा शब्द जुळवत नव्हती, शब्दाचा तुकडा जुळवत होती. आणि यंत्र मेनूही पानाचा मजकूर समजून वाचत होतं. "सीमाभाग" या शब्दात "सीमा" आहे. तो शब्द मेनूत आहे आणि मेनू प्रत्येक पानावर आहे. म्हणजे मे महिन्यापासून दादांचं अख्खं पोर्टल, तिळाच्या चटणीसकट, युद्धभूमी म्हणून नोंदलं गेलं होतं.

मी पडताळण्यासाठी इतर पोर्टलवरची तुरळक अडलेली पानं काढली. कोल्हापूरच्या पोर्टलवर दहावीत पहिल्या आलेल्या एका मुलीची बातमी अडली होती. तीत लिहिलं होतं, "आनंदाला परिसीमा उरली नाही." दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पानं सुटली होती, कारण तिथे मा नाही, मो आहे. तेव्हा माझी खात्री पटली.

आता मेपासून ऑगस्टपर्यंत हे कुणाला का दिसलं नाही, तेही उलगडलं. गेमिंगचे जाहिरातदार अशा याद्या वापरतच नव्हते. त्यांच्या बोल्या चौकटी भरत होत्या, त्यामुळे वरून सगळं समतल दिसत होतं. भराव वाहून गेला तेव्हा खालचा खड्डा उघडा पडला.

टिळकवाडीतली संध्याकाळ

पुण्यातल्या आमच्या मॅनेजर मॅडमना मी सगळं दाखवलं. त्या खूश झाल्या, आणि त्यांनी सगळ्यांत सोपा उपाय सुचवला. "त्यांना मेनूतला शब्द बदलायला सांग. सीमाभागच्या जागी परिसर करा म्हणावं. आजच्या आज सुटेल." दसरा सहा दिवसांवर होता. मलाही तो उपाय पटला.

संध्याकाळी स्कूटर काढून गोवावेस सर्कलवरून टिळकवाडीला गेले. वहिनींनी चहा टाकला. मी लॅपटॉप उघडून यादी दाखवली, गॅलरीचं पान दाखवलं आणि मग म्हटलं की मेनूतला एक शब्द तेवढा बदलूया.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी. ही नावं आपण एका दमात का म्हणतो सांग."

मी काही बोलले नाही. ती घोषणा मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेली आहे.

"1956 पासून तो शब्द आमच्या तोंडात हाय," ते म्हणाले. "खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय, निकाल काय लागायचा तो लागू दे. पण शब्द आमचा हाय. परिसर म्हणजे काय? परिसर शाळेचा असतोय, देवळाचा असतोय."

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. त्यांना तत्त्व मान्य होतं, त्यांचं मुद्द्याचं बोलणं वेगळं होतं. "ते बरोबर हाय हो. पण निपाणीच्या पोराला दसऱ्याला मी काय देऊ?"

दोघांचंही खरं होतं. मला माझी लाज वाटली ती यासाठी, की यंत्र चुकीचं वाचतंय म्हणून मी माणसाला त्याचा शब्द बदलायला सांगायला आले होते. पुण्यात बसून ते सोपं वाटलं होतं. त्या खोलीत, जिथे भिंतीवर दादांनी काढलेले 1 नोव्हेंबरच्या फेऱ्यांचे फोटो आहेत, ते सोपं राहिलं नाही.

तोडगा वहिनींनी काढला. "मेनू दाबल्यावरच उघडला तर? तोवर त्याचा मजकूर पानात नसेल ना?" त्यांनी कधी कोडची एक ओळ लिहिलेली नाही. पण गॅलरीच्या पानाचं कारण त्यांनी माझ्याइतकंच नीट समजून घेतलं होतं. शब्द तिथेच राहणार, फक्त वाचकाने मेनू दाबला तरच पानावर येणार. आमच्या एका डेव्हलपरने शनिवारच्या सुट्टीत ते करून दिलं. एजन्सीला मी आधी कळवलं, कारण चोरून केलेली गोष्ट या धंद्यात कधी ना कधी उघडी पडते आणि मग पोर्टलवर कायमचा शिक्का बसतो. रेसिपी, क्रीडा, नोकरी, राशिभविष्य ही पानं मोकळी झाली. सीमाभाग सदरातल्या बातम्या मात्र अडलेल्याच राहिल्या, कारण तिथे शब्द बातमीतच होता. दसरा अर्ध्या चौकटींवर गेला.

दिवाळी

उरलेलं काम यादी दुरुस्त करून घ्यायचं होतं, आणि तेच खरं काम होतं. एजन्सी म्हणायची, ब्रँडची परवानगी लागेल. ब्रँड म्हणायचा, पानं यादीशी ताडून तपासणारी कंपनी काय म्हणते ते आणा. तपासणारी कंपनी म्हणायची, ग्राहकाने मागितलं तर अख्खा शब्द जुळवायची सोय आहे. गोल फिरून पुन्हा एजन्सी. मी 40 पानांचे स्क्रीनशॉट काढले, प्रत्येकाखाली इंग्रजीत एक ओळ लिहिली की ही बातमी कशाची आहे. मलप्रभेचं पाणी. खानापूरच्या शाळेचं छप्पर. तंबाखूचा भाव. महिला मंडळाचा हळदीकुंकू. "या 40 पानांत युद्ध कुठे आहे ते दाखवा," असं मी मेलच्या शेवटी लिहिलं. मॅडमनी ते वाक्य काढायला लावलं आणि त्यांचं बरोबर होतं.

16 ऑक्टोबरपर्यंत सहापैकी चार खरेदीदारांनी बदल केला. 18 ला धनत्रयोदशी होती. सकाळी सातला मी अंथरुणातच फोन घेऊन सीमाभागचं पान उघडलं. भाताच्या सुगीची बातमी होती आणि तिच्याखाली सोन्याच्या दुकानाची मराठी जाहिरात. एवढ्याशा चौकटीचा एवढा आनंद मला नोकरीच्या आठ वर्षांत कधी झाला नव्हता. फोन घेऊन मी मागच्या खोलीत गेले. बाबांनी माग थांबवून चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि विचारलं, "याचे पैसे कवा येणार?"

मी सांगितलं की महिना संपल्यावर 90 दिवसांनी. ब्रँड एजन्सीला देतो, एजन्सी खरेदीदाराला, तो आम्हाला, आम्ही पोर्टलला. वर कुणी अडकलं की खाली सगळे अडकतात.

"म्हणजे आमच्या साडीसारखंच की," बाबा म्हणाले. "शेटला मिळाले की आम्हाला." आणि त्यांनी माग पुन्हा चालू केला.

दिवाळीच्या आठवड्यात पोर्टलने कोल्हापूरला जवळपास गाठलं. मग 1 नोव्हेंबर आला. काळ्या दिनाच्या फेरीची बातमी वर्षातली सगळ्यांत जास्त वाचली जाते, पुण्या-मुंबईत गेलेली इथली माणसंही त्या दिवशी पोर्टल उघडतात. आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी पैसे आले. मोर्चा, पोलीस, ताब्यात घेतले, हे शब्द यादीत आहेत आणि ते अख्खे जुळतात. इथे यंत्र चुकत नव्हतं, जाहिरातदाराने सांगितलेलंच करत होतं, म्हणून मी त्यात हात घातला नाही. पण फेरीबरोबर दिवसभर चालणाऱ्या मुलाचं पेट्रोल त्या दिवशीही तेवढंच लागतं, हे मला स्वस्थ बसू देत नाही. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

दुसरी चाळणी, राज्य आणि भाषेची, जास्त चिवट निघाली. मी तिकीट, म्हणजे बदलाची मागणी लिहिली, प्रॉडक्ट टीमने ती परत पाठवली. एवढ्या कमाईसाठी मूळ रचना बदलता येणार नाही म्हणाले. तेव्हा आमच्या टीममधल्या विजापूरच्या एका सहकाऱ्याने ते वाचलं. त्याची मातृभाषा कन्नड. तो म्हणाला, आमच्या अक्कलकोट आणि जतच्या नातेवाइकांचं उलटं होतं, फोन महाराष्ट्रातला आणि पान कन्नड. आम्ही दोघांनी मिळून तिकीट पुन्हा लिहिलं, त्याने कन्नड पानांचे पुरावे जोडले, मी मराठी. राज्यावरून भाषा ठरवू नका, पानाची भाषा धरा, एवढीच मागणी. दोन्ही बाजूंची माणसं मोजली तेव्हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहिला नाही. 12 जानेवारीपासून एका बाजारापुरती चाचणी सुरू झाली.

कंपनीत याच महिन्यांत

हे सगळं चालू असताना कंपनीत वारं चांगलं नव्हतं. आमच्याकडे कुकीशिवाय, म्हणजे ब्राउझरमध्ये वाचकाचा माग ठेवणाऱ्या छोट्या फाइलींशिवाय, जाहिरात कशी पोचवायची यावर काम करणारी एक टीम होती. गूगलने जानेवारी 2020 मध्ये क्रोममधल्या थर्ड-पार्टी कुकी दोन वर्षांत काढणार असं जाहीर केलं, मग मुदत पुढे ढकलत नेली, जुलै 2024 मध्ये काढणार नाही म्हटलं आणि एप्रिल 2025 मध्ये वाचकाला वेगळं विचारायचा बेतही सोडला. त्याच महिन्यात, पाच दिवस आधी, अमेरिकेतल्या न्यायालयाने जाहिरात-तंत्राच्या बाजारात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला होता. दूर कुठेतरी एक निर्णय फिरतो आणि बाणेरच्या कचेरीतल्या सात जणांचं पाच वर्षांचं काम फडताळात जातं. गेमिंगचा पैसा गेल्यावर त्या टीमला नोव्हेंबरमध्ये निरोप दिला गेला. त्यातली एक माझ्याबरोबर लागलेली. शेवटच्या दिवशी तिने मला तिच्या नोंदी पाठवल्या, कधी उपयोगी पडतील म्हणून. पान वाचून संदर्भ कसा काढायचा, मेनू आणि मजकूर वेगळा कसा करायचा, यावर तिने तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. मी ते सप्टेंबरमध्ये पाहिलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

माझ्या वार्षिक मूल्यमापनात या प्रकरणाची एक ओळ आली. पोर्टल छोटं, कमाई छोटी, त्यामुळे गुणही त्या मानाने. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की त्यांनी जास्त मागितले होते. मला ते पटलं आणि तरी दोन दिवस वाईट वाटत राहिलं. माझ्या लक्ष्याचा आकडा मोठ्या संकेतस्थळांवर ठरतो. या पोर्टलवर घालवलेल्या रात्री तिथून उसन्या घेतलेल्या होत्या, आणि त्या मी डिसेंबरभर फेडल्या.

तरी या नोकरीत मला काय मिळतं, तर हेच. 1,100 ओळींच्या यादीत "सीमा" हा शब्द वाचून "सीमाभाग" आठवणारी माणसं या यंत्रणेत फार थोडी आहेत. मी वडगावात बसलेली नसते, तर ती ओळ अजून तशीच असती.

जानेवारी

जानेवारीत सगळ्यांचेच भाव पडतात. दिवाळीचं बजेट संपलेलं असतं, नव्या वर्षाचं आलेलं नसतं. त्यामुळे वहिनींना मी आधीच सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबरचे पैसे 29 तारखेला जमा झाले. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्द, "पावले." निपाणीच्या आणि खानापूरच्या मुलांचं थकलेलं मानधन त्याच दिवशी गेलं.

दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. गणपत गल्लीतल्या एका साडीच्या दुकानदाराला सीमाभाग सदराची सगळ्यांत वरची चौकट हवी होती. महिन्याला ठरावीक रक्कम, पाच तारखेच्या आत रोख. तुमच्या लिलावात त्या चौकटीला साधारण किती मिळतात, असं त्यांनी विचारलं. मी गेल्या चार महिन्यांचा आकडा काढून दिला. दुकानदाराची रक्कम त्याच्यापेक्षा जास्त होती.

"मग देऊ की नको?"

"द्या," मी म्हटलं. फोन चालू असतानाच मी ती चौकट आमच्या यंत्रणेतून बंद केली.